कथील, राळ आणि ऊन

पार्सल उघडलं की पहिल्यांदा हाताला लागायचं ते मेण. वीट म्हणावी असा एक ठोकळा आणि त्यात गच्च बसलेले शंभरेक पातळ, निळे-करडे सेल. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत घरच्या घरी सोलर पॅनल बनवण्याचं वेड पसरलं होतं, त्या काळात ई-बेवर असे ठोकळे सर्रास विकले जात. सेलची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी आणि ठिसूळपणा पापडाचा. पोस्टातल्या आदळआपटीत चुरा होऊ नये म्हणून विकणारा ते मेणात बुडवून पाठवायचा. त्याचं काम तिथे संपायचं, घेणाऱ्याचं सुरू व्हायचं.

मेण काढायला तीन पातेली लागत. पहिल्यात नुसतं गरम पाणी. ठोकळा त्यात सोडायचा आणि मेण सुटायला लागलं की वरचा सेल अलगद सरकवून काढायचा. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर बुडबुड्यांनी सेल एकमेकांवर आपटून तडकतात. दुसऱ्या पातेल्यात भांडी घासायच्या साबणाचं पाणी, तिसऱ्यात स्वच्छ गरम पाणी. मग जुन्या टॉवेलवर एकेक सेल वाळत घालायचा. एवढं करूनही बोट फिरवलं की पुसटसा ओशटपणा जाणवायचाच, आणि तो असेपर्यंत कथील धरत नाही. तार चिकटल्यासारखी दिसते, उचलली की पापुद्र्यासारखी निघून हातात येते.

सौरऊर्जेच्या इतिहासात या पातेल्यांना जागा नाही. तिथे शोध लावणारे असतात, टक्केवारी असते, उपग्रह असतात. पण घरी पॅनल जोडायला बसलेल्या माणसाच्या टेबलावर नजर टाकली तर तिथल्या प्रत्येक वस्तूचं कूळ वेगळं निघतं, आणि सेल हा त्या सगळ्यांत धाकटा. कथील, शिसं, राळ ही थोरली मंडळी. त्यांच्याहूनही थोरली म्हणजे ‘आधी पुसून घे’ ही आज्ञा. तिचा मागोवा घेतला तर पॅनलची गोष्ट जरा वेगळी दिसते.

आपल्याकडे हे प्रकरण समजायला कल्हईवाला आठवला तरी पुरे. माझ्या आजीच्या वाड्यात तो वर्षातून दोनदा यायचा. अंगणात खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. भांडी आधी राखेनं नि वाळूनं घासून घ्यायची. मोठा हंडा असला की त्याचा पोऱ्या आत उभा राहून पायांनी गोल गोल फिरत घासायचा, तेच आम्हा पोरांना बघायचं असायचं. मग भांडं तापवायचं, चिमटीभर नवसागर टाकायचा, भक्कन पांढरा धूर उठायचा. त्या धुरातच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवून घ्यायची. काळवंडलेलं पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. जादू कथलात आहे असं आम्हाला वाटायचं. ती होती नवसागरात.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या धातूला टेकताच त्याची फूट होऊन अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची वाफ निघते, आणि ते आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतं. क्षणभर तांबं उघडं पडतं. तेवढ्यात वितळलेलं कथील त्याला भिडतं आणि दोघं मिळून मधे एक पातळ, दोघांचाही असा थर तयार करतात. हात आखडला तर हवा पुन्हा आपला ऑक्साइड चढवून मोकळी होते. सोल्डरिंगचं सगळं शास्त्र या एका घाईत आहे. कल्हईत कथील भांड्यावर पसरून थांबतं. डाखात ते दोन धातूंच्या मधे राहून दोघांना धरून ठेवतं. डाख हा सोनारांचा शब्द. त्यांचा डाख मूळ दागिन्यापेक्षा कमी आचेला वितळणाऱ्या मिश्रणाचा असतो आणि नवसागराच्या जागी ते सवागी वापरतात. इराकमधल्या उर इथल्या राजकबरींत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे सोन्याचे जिन्नस सापडले, त्यांवरही डाख दिलेला आहे. म्हणजे कपाळाला आठ्या घालून, श्वास रोखून सांधा जुळवणारा माणूस लोखंडाच्या युगाच्याही आधीचा.

कल्हई ही पॅनलची पूर्वज नव्हे, हे मात्र सांगून टाकलेलं बरं. ती चुलत बहीण. थेट वंश दुसरीकडून येतो.

‘कथील’ हा शब्द संस्कृत ‘कस्तीर’वरून आला आणि ग्रीक लोक याच धातूला ‘कासिटेरोस’ म्हणत. कोणाचा शब्द कोणाकडे गेला यावर पंडितांनी भांडावं. भारतात कथील कमी मिळायचं, बाहेरून यायचं, त्यामुळे मालाबरोबर शब्दही प्रवास करत असणार एवढं उघड आहे. या कथलात शिसं मिसळून नळ सांधायचं काम रोमन लोकांनी घाऊक प्रमाणावर केलं. पहिल्या शतकातला थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात दोन भाग शिसं आणि एक भाग कथील अशा मिश्रणाचा उल्लेख करतो, नाव देतो ‘टर्शियारियम’, आणि नळ जोडायला ते वापरतात असं सांगतो. शिशाला लॅटिनमध्ये ‘प्लम्बम’. आपल्या इमारतीत येणाऱ्या प्लंबरच्या नावात ते शिसं आजही आहे, त्याच्या हातात आता प्लास्टिकचे पाइप असले तरी.

या मिश्रणात एक गंमत आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ अंशांना. दोन्ही मिसळली की वितळायला दोघांपेक्षाही कमी आच पुरते. कथील ६३ टक्के आणि शिसं ३७ टक्के घेतलं तर १८३ अंशांना ते एकदम पाणी होतं आणि निवताना एकदम दगड. मधली लापशीची अवस्था नाही. रोमन प्रमाणाला ती अवस्था भरपूर होती, आणि नळवाल्याला तीच हवी असायची. लापशी झालेलं मिश्रण फडक्यानं नळाभोवती लिंपता येई. तारा जोडणाऱ्याला लापशी घातक. निवताना तार जरा हलली की सांधा आतून भुसभुशीत होतो, वरून नुसता मळकट दिसतो. म्हणून विजेच्या कामात ६३-३७ किंवा त्याच्या जवळपासचं ६०-४० रूढ झालं आणि घरगुती पॅनलवाल्याच्या टेबलापर्यंत तेच पोचलं.

नवसागर मात्र वाटेत गळाला, आणि ते बरंच झालं. भट्टीवरच्या भांड्यात उरलासुरला नवसागर जळून जातो, वर भांडं धुतलं जातं. तारेच्या सांध्यात क्लोराइड राहिलं तर हवेतला ओलावा ओढून ते तांबं खात बसतं आणि हिरवा कळंक चढतो. पत्र्याचे डबे सांधणारे कारागीर तेजाबात जस्त विरघळवून लावत, त्याचंही तेच. तार-टेलिफोन-रेडिओवाल्यांना असं काही हवं होतं की जे तापल्यावर आम्लासारखं वागेल आणि थंड झाल्यावर मुकाट्यानं पडून राहील. ते झाडात मिळालं. पाइनच्या चिकातलं टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरते ती राळ. सतारवाल्यांना नाही तरी व्हायोलिनवाल्यांना परिचयाची, कारण गजाला घासायला तीच लागते. युरोपात तिचं जुनं नाव कोलोफनी. आजच्या तुर्कस्तानात इझमीरजवळ कोलोफोन नावाचं प्राचीन ग्रीक शहर होतं, तिथल्या राळेवरून ते पडलं. तिच्यात अबिएटिक आम्ल असतं. गरम झाली की ते जागं होतं आणि तांब्यावरचा ऑक्साइड विरघळवतं. थंड झाली की राळ काचेसारखी घट्ट होऊन वीजही वाहू देत नाही आणि काही कुरतडतही नाही. पुढे कथलाची तारच आतून पोकळ करून तिच्यात राळ भरली गेली. सोल्डरिंग करताना नाकात जाणारा तो गोडसर, देवळातल्यासारखा वास या चिकाचा. तो आवडतो खरा, पण फुप्फुसांना सोसत नाही, दमाही मागे लागतो. खिडकी उघडी ठेवावी.

आता धाकट्याकडे. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये एडमंड बेकरेल या १९ वर्षांच्या मुलाला वडिलांच्या प्रयोगशाळेत, द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीज वाहते असं दिसलं. १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्सनं धातूच्या पत्र्यावर सेलेनियमचा थर देऊन वर इतका पातळ सोन्याचा वर्ख चढवला की त्यातून ऊन आत जावं. एखादा टक्का ऊन विजेत बदलायचं. वर्ख लावून वीज काढण्याची ही कल्पना मला मिठाईवाल्याच्या दुकानात शोभेलशी वाटते, पण तिच्यातला प्रश्न खरा होता आणि तो अजून सुटलेला नाही. सेलच्या उन्हाकडच्या अंगावरून वीज गोळा करायला धातू पाहिजे, आणि धातू म्हटला की सावली आली.

खरा सिलिकॉनचा सेल आला तो अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, आणि त्याची सुरुवात दमट हवेपासून झाली. डॅरिल चॅपिन या इंजिनिअरला काम दिलं होतं ते उष्ण, दमट प्रदेशातल्या टेलिफोनला वीज पुरवण्याचं, कारण तिथे कोरड्या बॅटऱ्या फार लवकर खराब होत. त्याने सेलेनियम घेऊन पाहिलं, अर्धा टक्का हाती लागला. जेराल्ड पिअर्सननं त्याला सिलिकॉन दिलं, तेव्हा आकडा २.३ टक्क्यांवर गेला. आणि मग गाडं अडलं ते सांध्यावर. पिअर्सनच्या तुकड्यात लिथियम होतं. नेहमीच्या तापमानालाही ते आत आत झिरपत राहायचं आणि वीज जिथे जन्मते ती सीमा पृष्ठभागापासून खोल जायची. शिवाय त्या पृष्ठभागावर तारेचा चांगला सांधा काही केल्या बसेना. केल्विन फुलर या रसायनतज्ज्ञानं मिसळणीचे पदार्थ बदलत बदलत शेवटी आर्सेनिकयुक्त सिलिकॉनवर बोरॉनचा अतिशय पातळ थर दिला. त्याने दोन्ही दुखणी एकदम गेली. २५ एप्रिल १९५४ रोजी बेलनं पत्रकारांपुढे या सेलांवर एक खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला. सेल ६ टक्के देत होते. बातम्यांत पाळणा आला. बोरॉनच्या थरावर तार बसली ही खरी बातमी कुणी छापली नसणार.

त्या सेलांच्या वंशातले सेल १७ मार्च १९५८ ला व्हॅनगार्ड-१ या दीड किलोच्या, नारळाएवढ्या उपग्रहावर आकाशात गेले. सोबतची रासायनिक बॅटरी जूनमध्ये संपली. सेलांवर चालणारा प्रेषक १९६४ पर्यंत बोलत होता. तो गोळा आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे, माणसाने सोडलेली, अजून कक्षेत असलेली सगळ्यात जुनी वस्तू म्हणून. अवकाशात सांध्याची परीक्षा जमिनीपेक्षा कठोर. खालच्या कक्षेतला उपग्रह दिवसाकाठी पंधरा-सोळा वेळा ऊन-सावलीतून जातो, आणि प्रत्येक फेरीत धातू फुगतो नि आकसतो. म्हणून तिथल्या कारागिरांनी सेलांमधल्या पट्ट्यांना मुद्दाम वळसे ठेवले, आणि पुढे कित्येक ठिकाणी डाख सोडून थेट वेल्डिंग केलं. सेलवर सांधा बसावा म्हणून टायटॅनियमवर चांदी चढवत; उड्डाणाआधी गोदामातच दमट हवेनं ती सुटू लागली, म्हणून दोहोंच्या मधे पॅलेडियम घातलं. दमट हवा काही पाठ सोडत नव्हती.

घरी सेल घेऊन बसण्याची चाल मात्र अवकाशातून आलेली नाही. तिचं एक मूळ शाळेत आहे. १९६२ मध्ये बेलनं शाळकरी मुलांसाठी ‘एनर्जी फ्रॉम द सन’ नावाचा प्रयोगसंच काढला, पुस्तिका खुद्द चॅपिननं लिहिलेली. त्यात मुलांनी सिलिकॉनच्या चकतीपासून स्वतः सेल तयार करायचा होता. तयार सेल जोडायचे नव्हेत, सेलच करायचा. आजच्या कुठल्या शाळेनं असा संच मुलांच्या हाती दिला असता, याचा विचार करून पाहिला, आणि सोडून दिला.

दुसरं मूळ भंगारात आहे, आणि ते जास्त खोल गेलं. १९७३ मध्ये एलियट बर्मन या रसायनतज्ज्ञानं एक्सॉन तेल कंपनीच्या पैशावर सोलर पॉवर कॉर्पोरेशन काढली. उपग्रहांचे सेल वॅटला शंभर डॉलरच्या घरात पडत. बर्मननं तो भाव वीस डॉलरपर्यंत आणला आणि त्यासाठी केलेल्या गोष्टींत एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांनी बाद केलेल्या सिलिकॉनच्या चकत्या विकत घेणं. ट्रान्झिस्टरला नालायक ठरलेली चकती उन्हाला चालते. वरून बाजारात मिळणारं अ‍ॅक्रिलिक, मागे सर्किट बोर्डचा पत्रा, मधे सिलिकोन रबराचा चिकट थर. हे पॅनल मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींच्या इशारादिव्यांवर लागले. बर्मनची ही कृती आणि तीस वर्षांनंतर अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजमध्ये बाद सेल, प्लेक्सिग्लास नि सिलिकोनची नळी घेऊन बसलेल्या माणसाची कृती यांत फारसा फरक नाही. ज्याला आपण जुगाड म्हणतो तो या उद्योगाचा पाया होता.

छत्तीस हा आकडाही असाच जुन्या घरातून आलेला. सेल लहान असो की मोठा, तो साधारण अर्धा व्होल्ट देतो. छत्तीस एकामागे एक जोडले की १८. एवढे कशाला, तर मोटारीच्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी. ती भरायला १४ व्होल्टच्या वर दाब लागतो. त्यातच सेलचं एक वैगुण्य म्हणजे तो तापला की त्याचा दाब घसरतो, अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट. भर दुपारी पॅनल साठीच्या घरात तापतं तेव्हाही बॅटरीत वीज ढकलता यावी म्हणून वरकड सेल घातले. म्हणजे मोटारीच्या बॅटरीनं पॅनलचा आकार ठरवला. घरगुती पॅनलवाल्यांनी तो आकडा प्रश्न न विचारता उचलला.

छत्तीस सेल, प्रत्येकाच्या पुढे दोन पट्ट्या, मागे दोन. एकशे चव्वेचाळीस सांधे, टोकांचे वेगळे. आणि सगळे एकाच रांगेत, त्यामुळे एक नासला की रांगच लंगडते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३ इंच बाय ६ इंचाचा सेल चांगल्या उन्हात साडेतीन अँपिअरच्या आसपास देतो, म्हणजे सुमारे पावणेदोन वॅट. एखाद्या सांध्यात नुसता ०.१ ओहमचा अडथळा राहिला तर तिथे सव्वा वॅट उष्णता होऊन जळतो. छत्तीसातल्या एकाची दोन-तृतीयांशाहून जास्त कमाई एका मळकट सांध्यानं खाल्ली. शिवाय तो तापतो, तापला की आणखी सुटतो. लाकडी चौकटीत बसवलेली कित्येक घरगुती पॅनलं अशा सांध्यापाशी करपली.

सांधा करायचा कशावर, तर सेलवर छापलेल्या चांदीच्या रेघांवर. छापलेल्या म्हणजे अक्षरशः छापलेल्या. लग्नपत्रिकांना वापरतात त्याच स्क्रीन प्रिंटिंगनं चांदीची खीर जाळीतून दाबून भट्टीत भाजायची, ही रीत १९७० च्या दशकात रुळली. मागच्या अंगाला स्वस्त म्हणून अ‍ॅल्युमिनियम. पण अ‍ॅल्युमिनियमवर हवेतला ऑक्साइड इतक्या झटकन चढतो की राळ त्याच्यापुढे हात टेकते, कथील धरतच नाही. म्हणून मागेही चांदीचे छोटे ठिपके ठेवावे लागतात. आणि चांदीची अडचण उलटी. ती कथलाला इतकी प्रिय की वितळलेल्या कथलात विरघळूनच जाते. सोल्डरिंग आयर्न दोन क्षण जास्त टेकवून ठेवला की रेघ गायब, खाली नुसता सिलिकॉन. नवशिक्याला वाटतं नीट बसलं नाही, तो आणखी तापवतो. मी असे चार सेल घालवले तेव्हा कळलं. डाखातच दोन टक्के चांदी आधी मिसळून ठेवतात ती याचसाठी. पोट भरलेलं कथील रेघेवरची चांदी कमी खातं.

जोडलेली पट्टी तांब्याची, वर कथील-शिशाचा मुलामा दिलेली. म्हणजे बघा, कल्हईच. आणि या पट्टीत सगळ्यात मोठं भांडण दडलं आहे. तांबं उष्णतेनं सिलिकॉनच्या सहापटीहून जास्त फुगतं. सहा इंची सेलवर १८३ अंशांना डाख गोठला, की तिथून खोलीच्या तापमानापर्यंत निवताना तांब्याला सिलिकॉनपेक्षा मिलिमीटरचा एक-तृतीयांश जास्त आखडायचं असतं. जागा मिळत नाही, मग ते सेलला वाकवू पाहतं. सेल वाकत नाही, तो तडकतो, अनेकदा डोळ्याला न दिसणाऱ्या भेगेनं. पुढे रोज दुपारी ताण, रोज रात्री ढील. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीनं १९७५ ते १९८६ या काळात स्वस्त पॅनलसाठी मोठा प्रकल्प चालवला, कंपन्यांकडून पॅनलं घेऊन उन्हापावसात ठेवली, मोडली, उघडून पाहिली. सेल टिकत, पट्ट्या तुटत. तिथून एकाऐवजी दोन पट्ट्या आल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी वाहील. सेलांवरचा पारदर्शक प्लास्टिकचा थर म्हणून ईव्हीएही तिथूनच रूढ झाला. आज जगभर पॅनलला उणे ४० ते अधिक ८५ अंशांतून दोनशे वेळा न्यायची परीक्षा द्यावी लागते, शिवाय ८५ अंश आणि ८५ टक्के दमटपणात हजार तास. कोकणातला आषाढ प्रयोगशाळेत कोंडला आहे असं समजा.

स्वच्छता दोनदा येते, जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर. आधीची मेणाची नि बोटांच्या तेलाची, म्हणून हातमोजे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. नंतरची राळेची. राळ मुकाट पडून राहते असं वर म्हटलं, ते रेडिओत खरं. पॅनलमध्ये तिच्यावर काच यायची असते. घरगुती पॅनलवाले सेल काचेला बसवायला सिल्गार्ड १८४ नावाचं दोन भागांचं सिलिकोन ओतत, मधासारखं. ते प्लॅटिनमच्या अंशानं गोठतं, आणि काही फ्लक्सचे, म्हणजे राळेसारख्या द्रव्यांचे, अवशेष त्या प्लॅटिनमला निकामी करतात. चोवीस तासांनी सगळं पॅनल घट्ट झालेलं असतं आणि नेमकं सांध्याभोवतीचं सिलिकोन चिकट राहतं. लोक सिलिकोनला शिव्या देत. दोष फडक्याचा असायचा. ‘पुसावं लागत नाही’ असं लिहिलेले फ्लक्सचे पेनही आले, आणि त्या शब्दांवर विसंबणाऱ्यांना दोन उन्हाळ्यांनी सांध्याशेजारी बुडबुडे दिसले.

ई-बेवरच्या त्या ३ बाय ६ इंचाच्या सेलांपैकी पुष्कळांचं मूळ मॅसॅच्युसेट्समधल्या एव्हरग्रीन सोलर कंपनीत होतं. इमॅन्युएल सॅक्स यांची पद्धत अशी की वितळलेल्या सिलिकॉनमधून दोन धागे वर ओढायचे, त्यांच्या मधे साबणाच्या पाण्याचा पडदा धरतो तसा सिलिकॉनचा पडदा धरतो आणि गोठून पट्टी होते. करवतीनं कापायचं नाही, म्हणून भुसा वाया नाही. सुंदर कल्पना. चिनी पॅनलांच्या भावापुढे ती टिकली नाही. कंपनीचा डेव्हन्समधला कारखाना २०११ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. बाद माल मेणात बुडून घरोघर जात राहिला. पुढे तयार पॅनल इतकं स्वस्त झालं की सेल, पट्टी, काच, सिलिकोन यांची बेरीज त्याहून जास्त भरू लागली, आणि ते वेड ओसरलं.

हातानं डाख देणं मात्र संपलं नाही. राजस्थानात डुंगरपूरला आदिवासी बायकांनी आयआयटी मुंबईच्या प्रकल्पात आधी विद्यार्थ्यांसाठी सौरदिवे जोडले, मग पॅनल बनवणारा कारखानाच काढला, स्वतःच्या मालकीचा. पवईच्या याच संस्थेतल्या सौरवीज संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रानं देशभर लागलेली पॅनलं तपासली, तेव्हा उष्ण भागांतली आणि छोट्या, छतांवरची पॅनलं जास्त झपाट्यानं खालावलेली दिसली. तपासणीत एक रीत अंधारातली आहे. सेल उन्हात वीज देतो, तसा त्याला उलट आपणच वीज दिली तर तो अवरक्त प्रकाशानं मंद उजळतो. २००५ मध्ये जपानच्या ताकाशी फुयुकी आणि सहकाऱ्यांनी हा उजेड कॅमेऱ्यात धरून दाखवला. तडा आणि सुटलेला सांधा त्यात काळे उमटतात.

साध्या डिजिटल कॅमेऱ्यातली अवरक्त प्रकाश अडवणारी काच काढली तर घरीही जमतं. ओळखीतल्या एका कारखान्यातले बाद सेल आणून मी जे पॅनल जोडलं, त्याचा असा फोटो मित्राच्या मदतीनं काढला. न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडानं झाकली, दार लावलं, अर्धा मिनिट कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवलं. पडद्यावर छत्तीस करडे चौकोन आले. तिसऱ्या ओळीतला पाचवा अर्ध्यापर्यंत काळा. तो मी शेवटच्या संध्याकाळी जोडला होता, अल्कोहोलची बाटली संपल्यावर.